दोन बोळांच्या मधली

माझं कुणी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना खरं वाटलं नाही. आता तुम्हाला सांगते. पटलं तर बघा, नाहीतर चालायला लागा. तुम्हालाही पुढं चपला घ्यायच्या असतील.

मी भिंत आहे. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत, गवळ्यांचा बोळ आणि पिंजाऱ्यांचा बोळ यांच्या मधे उभी आहे. खाली काळा दगड, वर माती, आणि त्यावर ज्याला जशी सवड झाली तसं लिंपलेलं सिमेंट. मधोमध एक दार आहे. ते इतकं बुटकं आणि अरुंद की माणसानं वाकून, अंग चोरूनच जावं. शिक्षण म्हणाल तर चौथी. म्युन्सिपालटीच्या शाळेचं छप्पर गळायला लागलं तेव्हा चौथीचा वर्ग माझ्या आडोशाला भरायचा, फळा माझ्याच छातीवर टांगलेला. तेवढ्यावर बोलते. गोड बोलायचा तास काही झाला नाही.

मला वैरानं बांधलं असं आज जो तो सांगतो. साफ खोटं. मला एका म्हशीपायी बांधलं.

सुंद्री तिचं नाव. आकाराम गवळ्याची म्हैस. मी नव्हते तेव्हा दोन्ही बोळ एकच होते. आकारामच्या गोठ्यासमोर गैबी पिंजारी अंगणात कापूस पिंजायचा. सुंद्री रंकाळ्यात डुंबून आली की ओल्या अंगानं सरळ त्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगात जाऊन बसायची. बसली की उठायची नाही. कुणाच्या लग्नाची गादी, कुणाच्या बाळंतिणीची दुलई, सगळ्याचा चिखल.

"आकारामदा, तुझी म्हस पावणी हाय व्हय? रोज गादी लागती तिला!" गैबी ओरडायचा.

"पैल्याच दिवशी काठी घालायची हुतीस. तूच सवय लावलीस."

"कशी घालू? दूध मी बी तिचंच पितोय की!"

शेवटी दोघांनी मिळून मला बांधायला घेतलं. आकाराम इकडून दगड लावायचा, गैबी तिकडून. आकारामची सून धोंडुबाई तेव्हा नवी नवरी, हातातला चुडाही निघाला नव्हता. माती कालवायला पाणी तिनं वाहिलं. दाराचं माप घ्यायला गैबीनं सुंद्रीलाच आणून उभी केली. माणूस मावेल, म्हैस मावणार नाही, एवढंच दार ठेवलं. काम संपलं त्या संध्याकाळी आकारामनं तिथंच धार काढली, आणि दोघांनी उभ्या उभ्या पितळी पेल्यातून फेसाळ दूध प्यायलं. माझी वास्तुशांत ती एवढीच.

सुंद्री मात्र पुढं किती दिवस दारात तोंड खुपसून उभी राहायची. डोकं पलीकडे, बाकीची अलीकडे. कापसाकडे बघत.

मग माणसं जातात तशी ती माणसं गेली. सुंद्रीही गेली. माझ्या एका अंगावर शेणी थापल्या जायच्या, दुसऱ्या अंगावर कापसाची पिंज चिकटायची. तिकडं गैबीची सून आली, नजीरा. नवी नवी माझ्या आडून रडायची. इकडून धोंडुबाईनं दारातून हात घालून तिला दह्याची वाटी दिली, आणि ते दार जे चालू झालं ते चालूच राहिलं. मोहरमला नजीराकडचा गोड चोंगा इकडं यायचा, दिवाळीला इकडची करंजी तिकडं जायची. दोघींची भांडणंही मी ऐकली आहेत. ती छापण्यासारखी नाहीत.

दोघी म्हाताऱ्या झाल्या. धोंडुबाईचे गुडघे गेले, लेकी लांब नांदायला, मुलगा वारला, सून कामाला. तेव्हा सकाळ-संध्याकाळ नजीरा दारातून वाकून यायची, तिचे पाय चोळायची, तिची वेणी घालायची.

"आक्का, केस हाईत का शेवया?"

"तुझ्या डोक्याव त्या बी ऱ्हायल्या न्हाईत. गप तेल लाव."

त्या दारावर एका बाईचं उठणं-बसणं चाललं होतं. हे ध्यानात ठेवा.

आता राजवीर. धोंडुबाईचा नातू. शिकला, नोकरी लागेना, मग लोकांना जुनं कोल्हापूर पायी फिरवून दाखवायला लागला. गळ्याशी माईक, कमरेला डबी, त्यातून आवाज. मागं पुण्या-मुंबईची माणसं टोप्या घालून. जुन्या वेशीची जागा, तालीम, चपलांची ओळ, आणि वाटेत मी.

पहिल्या खेपेला पोरगा खरं बोलला. म्हणाला, "ही भिंत एका म्हशीमुळं झाली." माणसं हसली. एक बाई म्हणाली, "बस, एवढंच?" आणि सगळी पुढं गेली. माझ्याकडं वळून कुणी बघितलं नाही.

पुढच्या खेपेला त्यानं आवाज खाली आणला. "हे दुभंगलेलं कोल्हापूर," तो म्हणाला. "एका रात्री दोन्ही बाजूंची डोकी फुटली, आणि सकाळी ही भिंत उभी राहिली. दार एवढं लहान का? शत्रू आला तर मान खाली घालूनच यावा म्हणून!"

एकानं माझ्यावरून हात फिरवला. एकीच्या डोळ्यांत पाणी. मग फोटोच फोटो. मी ओरडून सांगत होते, अरे म्हैस, म्हैस! भिंतीला कान असतात म्हणतात, पण तोंड असतं असं कुणी म्हणत नाही.

धोंडुबाईच्या कानावर गेलं. तिनं त्याला खाटेजवळ बोलावला.

"काय रं, दंगल कुठनं आणलीस? तुझ्या पणज्यानं म्हशीपायी बांधलीया ती. मी पाणी वाहिलंय."

"आज्जे, म्हशीची भिंत बघायला पुण्यासनं कोण येतंय?"

"मग रंकाळा दाव की."

"रंकाळा सगळेच दावत्यात."

तिनं पुढं ताणलं नाही. नातवाच्या कपाळावर चार वर्षांनी पहिल्यांदा आठी नव्हती, ते तिला दिसत होतं.

मग त्यानं जुन्या बाजारातून एक कुलूप आणलं, गंजकं, मुठीएवढं, साखळीसकट. ते माझ्या दाराला पिंजाऱ्यांच्या बोळातून लावलं, कारण टोळकं त्या बोळात उभं राहतं आणि सकाळचं ऊन तिकडंच पडतं. नजीरा पदर खोचून बाहेर आली.

"ह्ये काय बाबा?"

"शोभेचं हाय, चाची. पावणं गेलं की काढतो."

"लाव, तुझं पोट चालतंय तर. पर आठवणीनं काढ. तुझ्या आज्जीचं पाय चोळायचं असत्यात मला."

काढायचा तो, खोटं कशाला बोलू? पाहुणे गेले की किल्ली फिरवायचा. मग त्याच्या सांगण्यात त्या कुलपालाही गोष्ट चिकटली. "हे या बोळातल्यांनी घातलंय," तो म्हणायचा, "आजतागायत उघडलेलं नाही." आणि नजीरा आपल्या उंबऱ्यात तांदूळ निवडत ते ऐकायची. हसायची सुरुवातीला. नंतर आत जाऊन बसायची.

तुम्हाला सांगते, हे शहर दुभंगलंय ते निराळ्याच जागी. फुटबॉलची फायनल असली की बघा. ही पेठ आणि ती पेठ, सख्खे साडू एकमेकांचा चहा पीत नाहीत. पण राजवीर आणि नजीराचा नातू फरहान एकाच पेठेचे, एकाच टीमचे. लहानपणापासून एकाच गाडीवर बसून मॅचला जायचे. फरहानचं गादीचं दुकान बोळाच्या तोंडाशी आहे.

त्या दिवशी फायनल होती. सकाळचं टोळकं रेंगाळलं. बाहेर फरहान हॉर्न वाजवायला लागला, "आरं ये की भावा, जागा घावायची न्हाय!" राजवीर माईक काढत पळाला. किल्ली खिशात. कुलूप दारावर.

अख्खी पेठ मैदानात गेली. दुपारी धोंडुबाई न्हाणीत घसरली.

तिनं हाक मारली. देवाला नाही, लेकीला नाही. "नजीरा!"

नजीरा धावली. दार ढकललं. साखळी वाजली. पुन्हा ढकललं. मग दोन्ही हातांनी मला बडवायला लागली. "आक्का, आले, आले ग!" अलीकडून धोंडुबाईचं कण्हणं माझ्या पायाशी, पलीकडून नजीराचे तळवे माझ्या छातीवर. मधे मी. मला तेव्हा काय वाटलं ते विचारू नका. दगड तापला होता, एवढं आठवतं.

नजीरानं फरहानला फोन लावला. मैदानातल्या गोंगाटात कुणाला फोन ऐकू येतोय? मग म्हातारी मोठ्या रस्त्यानं निघाली, सगळा वळसा घालून. एरवी ती रिक्षाशिवाय तो रस्ता करत नाही. टीम जिंकली होती, रस्ता गाड्यांनी आणि गुलालानं तुंबलेला. ती पोचली तेव्हा धोंडुबाईची हाक थांबली होती.

ती वाचली. खुब्याचं हाड मोडलं, ते बसवलं, पण पाय काही पुन्हा जमिनीला लागला नाही.

पुढं जे झालं ते कुलपानं केलं. त्या सकाळच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी राजवीरचं बोलणं मोबाईलवर घेतलं होतं. "हे या बोळातल्यांनी घातलंय." त्याच्या खाली कुणी लिहिलं, याच कुलपामुळं म्हातारी तडफडली. लिहिलेलं खोटं नव्हतं, हेच तर वाईट. दोन दिवसांत उचगावकडून, कुठून कुठून, आम्ही कधी तोंड न बघितलेली पोरं गाड्या घेऊन बोळात आली. फरहानच्या दुकानाचं शटर बडवलं. नजीरानं भीतीनं रात्रीचा दिवा लावायचं सोडलं.

आणि राजवीर? कुलूप त्यानं गुपचूप काढलं. तोंड उघडलं नाही.

शेवटी तालमीचे केरबा वस्ताद मधे पडले. धोंडुबाई दवाखान्यातून घरी आल्यावर दोन्ही बोळांची माणसं तिच्या दारात बोलावली, तिची खाटही बाहेर काढली. बाहेरची पोरंही येऊन उभी राहिली, हात बांधून. फरहान मोठ्या रस्त्यानं वळसा घालून आला आणि आपल्या आजीला हाताला धरून घेऊन आला. नजीराच्या हातात तेलाची बाटली होती. सवयीनं उचलली असावी. राजवीर खाटेच्या उशाशी, मान खाली. त्याच्या नि फरहानच्या मधे चार हातांचं अंतर. मी एवढी वर्षं उभी आहे, पण तेवढं अंतर मी कधी पाडलं नव्हतं.

केरबा म्हणाले, "आक्का, तुमी नाव घ्या. कुलूप घालून तुमाला कुणी कोंडलं? तुमी म्हनशीला त्ये खरं. त्या मानसाला ह्या पेठंत जागा न्हाय."

धोंडुबाईनं नातवाकडं बघितलं. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. माईक नव्हता ना.

"आज्जी, भ्या नगासा," बाहेरच्यांतला एक म्हणाला. "फरहानचं नाव घ्या निस्तं."

"तू कुणाचा रं?" धोंडुबाई म्हणाली. "कवा दूध प्यालास आमच्यात?"

ती काय म्हणाली ते सांगतेच, पण आधी माझं एक ऐका. आज माझ्या दाराला कुलूप नाही. नुसतं ढकललं तर उघडतं. तरी नजीरा त्यातून येत नाही. फरहाननं सांगितलंय, आता जायचं तर रस्त्यानं, चार माणसांच्या देखत. रिक्षा मिळाली तर ती येते, नाहीतर वेणी तशीच राहते. फिरणारी टोळकी अजून येतात, दुसरा कुणी माईकवाला आणतो, वैराची गोष्ट तीच. मला आता काही वाटत नाही. दिवसा तापते, रात्री निवते. तुम्ही आलाच आहात तर फोटो राहू द्या. एवढं दार ढकला आणि वाकून पलीकडं जा. कुणीतरी ये-जा करतंय एवढं त्या बोळाला कळू दे. वाकताना खांदा घासेल, तिथं दगड गुळगुळीत लागेल. तो सुंद्रीच्या मानेनं झालाय.

तर, केरबांनी पुन्हा विचारलं, "आक्का, नाव."

धोंडुबाईनं हात पुढं केला. नजीरानं त्यावर तेल ओतलं. ते डोक्याला लावत धोंडुबाई म्हणाली,

"घेते की. जिच्यापायी भिंत झाली, जिच्या मापानं दार बारीक झालं, तिचंच सगळं. फरहानचं न्हाय, माझ्या घरातल्या कुणाचं न्हाय. जावा, धरून आना तिला आनि घाला पेठंभाईर."

"पर कोन ती, आक्का?"

"सुंद्री."