मक्याच्या पिंपाचा संताप

मी एक जुनं मक्याचं पिंप आहे आणि मी संतापलेलो आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर दचकू नका.

टेक्सासच्या खडकाळ टेकड्यांत, वेल्डन नावाच्या माणसाच्या मालकीच्या रानात मी तीन उंच लोखंडी पायांवर उभा आहे. जन्माने मी तेलाचं पिंप. वेल्डनच्या वडिलांनी मला घासून स्वच्छ केलं, पाय जोडले आणि पोटाखाली एक फिरकी बसवली. उजाडताना आणि ऊन कलताना ही फिरकी आपोआप गरकन फिरते आणि मका चहूकडे उडतो. तो आवाज ऐकला की ओकच्या झाडीतून हरणं बाहेर येतात. इतकंच माझं काम. ते मी कधी चुकवलं नाही.

या घरात माझी खरी कदर होती ती ओलिटाला. ही वेल्डनची थोरली बहीण. नोव्हेंबरात शिकारीचा मोसम उघडला की ती पहिल्या दिवशी पहाटे बंदूक घेऊन रानातल्या लाकडी मचाणावर जायची आणि एकच नर टिपायची. दुसरा समोर आला तरी हात लावायची नाही. त्या मांसाचे मिरी घातलेले, धुरी दिलेले सॉसेज नाताळात सगळ्या नातेवाइकांच्या ताटात पडायचे. येता-जाता ती माझ्या अंगावर थाप मारायची आणि म्हणायची, "आमच्या बाबांनी काय पक्कं काम करून ठेवलंय!" मला फार बरं वाटायचं.

मागच्या वर्षी ओलिटा पायरीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मचाण संपलं. सगळे म्हणाले, आता बंदूक भिंतीला टांगा. ती म्हणाली, "माझं हरीण मीच मारणार. खुर्चीत बसून मारीन." म्हणून वेल्डनने मला उचलून घराच्या मागच्या ओसरीसमोर, नजरेच्या टप्प्यात आणून उभं केलं. ओसरीवर तिची खुर्ची आली. आता हरणांनी माझ्यापाशी येण्याची सवय लावून घेतली की झालं.

हरणं आली नाहीत. आले रॅकून.

मांजराहून थोडे मोठे, डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखे दिसणारे, माणसासारखे हात असलेले हे चोरटे! माझं झाकण उचलून आत उतरायचे, पोट फुटेस्तोवर खायचे आणि वर माझ्याच मक्यात घाण करून जायचे. ऊन कलताना माझी फिरकी रिकामीच फिरायची. हरणं झाडीच्या कडेशी थबकायची, वास घ्यायची आणि मागे वळायची. ओसरीवर ओलिटा दुर्बीण खाली ठेवायची. तिचा तो चेहरा मला बघवत नसे.

वेल्डनने उपाय केले नाहीत असं नाही. माझ्या पायांना ग्रीस फासलं. उन्हात ते वितळलं आणि त्यात मुंग्याच अडकल्या. पायांभोवती गुळगुळीत पत्रे ठोकले. फिरकीभोवती जाळी लावली. शेजारच्या एल्रॉयने सांगितलं म्हणून रेडिओही टांगला. त्यावर पाद्रीबुवांचं प्रवचन चालायचं आणि रॅकून ते ऐकत ऐकत जेवायचे.

"काय वेल्डन," एल्रॉय कुंपणावरून ओरडला, "हरणं पाळतोस का रॅकून? चांगलं बाळसं धरलंय की त्यांनी!"

"पिंपच भिकार आहे," वेल्डन म्हणाला. "डबडं नुसतं. भंगारात घालतो."

डबडं! मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी सगळं रान दणाणून सोडलं असतं. कारण चोरांची वाट मला माहीत होती. माझ्या मागच्या अंगाला, ओसरीवरून दिसणार नाही अशी, एक शिडी टेकवलेली होती. वेल्डन दर शनिवारी तिच्यावर चढून मका भरायचा आणि ती तिथेच सोडून जायचा. ग्रीस लावलं ते तिला बाजूला सारून, पत्रे ठोकले तेही तसेच. काम झालं की शिडी पुन्हा मला टेकवलेली! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शेवटी ओलिटानेच ओळखलं.

"वेल्डन, तो रॅकून पायांवरून चढतच नाहीये," ती दुर्बिणीतून बघत म्हणाली. "एकदम झाकणावरच उगवतो. मागे काय आहे?"

"काही नाही गं ताई."

"काही नाही?"

"शिडी आहे. पण ती आपली शिडी आहे."

"अरे गाढवा! त्या रॅकूनांना जिना बांधून दिलास की! अजून कठडा तेवढा लाव, म्हातारे पडायचे!"

"शनिवारी परत लागणारच असते, म्हणून ठेवतो. माझे गुडघे दुखतात, ताई. उद्या काढतो."

तो उद्या काही उजाडला नाही. मोसम उघडायच्या आदल्या दिवशी वेल्डनने मला काठोकाठ भरलं आणि तो एल्रॉयबरोबर गावात गेला. शिडी तशीच.

दुपार कलायला लागली. ओलिटाने ओसरीवरून दोन-तीनदा वेल्डनला हाका मारल्या. मग ती चार पायांची काठी टेकत खडकांतून माझ्याकडे यायला निघाली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, येऊ नकोस! ती आली. माझ्या अंगावर थाप मारली, शिडीला दोन्ही हात घातले आणि ओढली. शिडी खाली आली, आणि तीही.

तिला उठता येईना. तेवढ्यात माझी वेळ झाली. मला थांबता येत नाही, मित्रांनो. फिरकी फिरली आणि मका तिच्या केसांत, मांडीवर बरसला. थोड्या वेळाने झाडीतून हरणं आली. मोठ्या शिंगांचा एक नर तिच्यापासून चार पावलांवर मका टिपत राहिला. तिची बंदूक ओसरीवर खुर्चीला टेकलेली होती. ती हसली आणि मग रडली.

वेल्डन धावत आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ही शिडी तू उचलायची होतीस रे."

त्याने शिडी बाजूला सारली. तिला खांद्यावर घेऊन घरात गेला.

त्या मोसमात हरणं रोज आली. खुर्ची रिकामी होती; ओलिटा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. नाताळात त्यांच्या घरी विकतचे सॉसेज होते.

मित्रांनो, मला रॅकूनांचा राग येतो, पण ती जनावरं आहेत, भूक लागली की चढणारच. मला राग आहे तो त्या "उद्या काढतो"चा. काम झालं की वस्तू जागेवर ठेवा. तुम्ही टाळलेलं काम आपोआप होत नाही; ते ज्याला झेपत नाही असा कुणीतरी उठून करतो.

आता दर शनिवारी वेल्डन मका भरतो आणि शिडी खांद्यावर टाकून लंगडत कोठाराकडे जातो. आतल्या खोलीच्या खिडकीतून आवाज येतोच.

"वेल्डन! शिडी कुठंय?"

"कोठारात, ताई."

"आणि माझी बंदूक?"

"तेल घालून ठेवलीय. नोव्हेंबर येऊ दे."