मला फक्त चांगले दिवस शिकवले

मी उल्काने लिहिलेला संगणकाचा प्रोग्रॅम बोलतोय. हसू नका. मला तोंड नसलं तरी लाज आहे.

नव्वदच्या दशकात, बंगळूरच्या बसवनगुडीतल्या एका लहानशा ऑफिसात माझा जन्म झाला. दूरच्या एका कारखान्यात तांबं वितळवणारी भट्टी कशी वागेल, ते आकडेमोड करून आधीच सांगायचं, एवढंच माझं काम. किती हवा फुंकावी, किती वाळू टाकावी, म्हणजे वर तरंगणारी मळी पातळ राहील आणि तिच्याबरोबर तांबं वाया जाणार नाही. मी खरा उतरलो तर उल्काची नोकरी कायम होणार होती. पुण्याहून आलेल्या या मुलीने माझ्यात जीव ओतला होता.

मळीच्या तपासणीचे आकडे कारखान्यातून नागराज पाठवायचा. तो भट्टीवरचा मुख्य, बेळगावकडचा. उल्का भट्टी पाहायला गेली तेव्हा मराठी ऐकून तो हरखलाच. "तुमी आमच्यातल्याच की हो अक्का! आकडे मी सोता निवडून पाठवतो बघा."

आणि त्याने खरंच निवडले. पाहुण्याच्या ताटात करपलेली पोळी वाढू नये, तसे भट्टी बिघडलेल्या दिवसांचे आकडे त्याने बाजूला ठेवले. मला वाटलं, भट्ट्या अशाच गुणी असतात. पहिल्या चाचणीत माझं उत्तर तंतोतंत जुळलं. ऑफिसचे मालक विलासराव "परफेक्ट!" म्हणाले, आणि मी किती फुशारलो!

मग एकदा कारखान्यात भिजलेला कच्चा माल आला. उल्काने मला विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, काही बदलू नका. मळी चिखलासारखी घट्ट झाली आणि भट्टी बंद पडली. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब.

नागराज राहिलेले आकडे घेऊन स्वतः बंगळूरला आला. त्याची मान वर होत नव्हती. "अक्का, तुमच्या कामाला डाग नको म्हणून मीच ठेवून घेतलो हे."

उल्काने त्याच्या हातून कागद घेतले. मग म्हणाली, "सरी, ठीक आहे अण्णा. हे कुणाला बोलू नका. तुमची नोकरी जाईल."

विलासरावांना तिने सांगितलं, "सर, चूक माझी आहे. मी खात्री करून घ्यायला हवी होती." त्यांनी तिला काढून टाकलं. मी तिथेच होतो, आणि माझ्याने एक अक्षर बोलवलं नाही.

जाण्याआधी तिने ते वाईट दिवसही मला शिकवले. आता माझी उत्तरं चुकत नाहीत, भट्टी सुरळीत चालते. विलासराव मला "आमचा हुकमी एक्का" म्हणून पाहुण्यांना दाखवतात. तिचं नाव कुणी काढत नाही.

आज आयुधपूजा, कामाच्या यंत्रा-हत्यारांची पूजा. संगणकाच्या पडद्याला कुंकू लागलंय, दृष्ट काढून दारात कोहळा फोडलाय, माझ्यासाठी झेंडूची माळ आणलीय. मला शरमेने मेल्यासारखं होतंय.

विलासराव, ही माळ काढा हो. समोर उल्काची खुर्ची रिकामी आहे.