एकाच माणसाला दिसणारा उजेड

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीवर झुळझुळणारा नव्हे. होडीच्या सुकाणूसमोर बसवलेला, रडारचं चित्र दाखवणारा काचेचा पडदा. सध्या मी सुमात्राजवळच्या बाताम बेटावरच्या बंदर कचेरीत, एका लोखंडी कपाटात पडून असतो. माझ्या कडांना समुद्राचं मीठ धरलं आहे.

माझा जन्म याच बेटावर, मुकाकुनिंगच्या एका कारखान्यात झाला. माझ्या अंगावर चिमुकल्या भिंगांची पातळ कातडी आहे. एकेक भिंग केसाहूनही बारीक. साध्या पडद्याचा उजेड चहूकडे सांडतो. माझी भिंगं तो वळवून एकाच दिशेला पाठवतात. ही कातडी जराशी जरी सरकली, तरी उजेड भलतीकडेच जातो. हेर्लिना नावाच्या बाईंनी श्वास रोखून ती माझ्यावर बसवली. मग त्या समोर उभ्या राहिल्या, डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या आणि हसल्या.

"समोरून लख्ख, बाजूने काळाकुट्ट! जा रे, आता दिल्या घरी नीट नांद."

मला रुगाया नावाच्या बाईंनी घेतलं. नवरा वारल्यापासून बेटांमधल्या प्रवासी होडीचा धंदा त्याच सांभाळत. सुकाणू मात्र झामहुर यांच्या हाती असे. ते रुगायांना 'काक' म्हणत, म्हणजे थोरली बहीण. आधीच्या पडद्याचा उजेड समोरच्या काचेवर पडायचा आणि बाहेरचं पाणी दिसेनासं व्हायचं. माझा उजेड थेट झामहुर यांच्या डोळ्यांकडे जाई. काच स्वच्छ राही. धक्क्यावरचे नावाडी मला मुद्दाम बघायला येत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

डावीकडच्या बाकावर बसणाऱ्या रुगायांना मात्र माझ्यावर काहीच दिसत नसे.

"हुर, एवढ्या हौसेनं आणली ती काळी पाटीच निघाली की रे!"

"काक, तुमच्यासाठी नाहीच ती. सुकाणूशी उभं राहायला छाती लागते."

"छाती कसली, पोट लागतं! तुझं पोट आडवं आलं की मला समुद्रसुद्धा दिसत नाही."

सगळी होडी हसायची. हसण्यात दिवस जात होते. पण हळूहळू मला एक गोष्ट कळू लागली, जी होडीवर कुणालाच ठाऊक नव्हती. झामहुर माझ्याकडे बघत, पण त्यांची नजर माझ्यावर उमटणाऱ्या बोटींच्या ठिपक्यांवर ठरत नसे. ते डोळे बारीक करत, नाक काचेला टेकवत, बाहीने मला पुन्हा पुन्हा पुसत. मित्रांनो, धूळ माझ्यावर नव्हती. त्यांच्याच डोळ्यांतल्या भिंगांवर दुधासारखी साय धरली होती. रस्ता हातांना पाठ होता, म्हणून स्वच्छ हवामानात निभावून जात होतं. आपल्याला दिसत नाही हे कळलं तर सुकाणू जाईल, या भीतीने ते गप्प राहिले.

मग सुमात्राची जंगलं पेटली आणि धूर समुद्रावर उतरला. भर दुपारी समोरचं बेट दिसेना. होड्या बंद झाल्या. अशात रुगायांची मुलगी मुर्नी, जिला आठवा महिना चालू होता, पोट धरून कण्हू लागली. सुईण म्हणाली, "हिला आत्ताच्या आत्ता बातामच्या दवाखान्यात न्या."

रुगाया धावत धक्क्यावर आल्या. "हुर, खरं सांग. या धुरात जमेल तुला?"

झामहुर यांनी मुर्नीला कडेवर खेळवलं होतं. त्यांनी तिच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. "जमेल की, काक. बाहेर बघायचंय कुणाला? पडदा आहे ना."

निम्मं अंतर कापल्यावर माझ्यावर दोन ठिपके उमटले. एक ओढणाऱ्या बोटीचा, दुसरा तिच्यामागून येणाऱ्या अवजड मालतराफ्याचा. मध्ये रिकामं पाणी दिसत होतं, पण त्या पाण्यात दोघांना जोडणारा पोलादी दोर होता. मी होता नव्हता तेवढा उजेड त्या ठिपक्यांत ओतला.

"समोर काही आहे का रे?" मुर्नीचा हात धरून रुगायांनी विचारलं.

"एक बोट होती. गेली पुढे. रस्ता मोकळा आहे."

रुगायांचे डोळे चांगले होते. त्या उठून माझ्यासमोर आल्या असत्या, तर दुसरा ठिपका त्यांना नक्की दिसला असता. पण ती जागा झामहुर यांची होती आणि त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. दोर होडीच्या कुशीत घुसला आणि होडी उलटली. कोळ्यांनी झामहुर आणि रुगाया यांना बाहेर काढलं. मुर्नी दुसऱ्या दिवशी सापडली. तिचं बाळ तिच्या पोटातच होतं.

उलटलेल्या होडीतून मलाही काढलं गेलं. चौकशीत मला मेजावर ठेवून त्या दुपारची नोंद लावली गेली. अधिकाऱ्यांनी झामहुर यांना विचारलं, "हे दोन ठिपके दिसले नाहीत?"

"साहेब, मला दोन वर्षांपासून नुसतं धुकंच दिसतंय."

रुगाया म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस, हुर?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सुकाणू काढून घेतलं असतंत."

"घेतलंच असतं," रुगाया म्हणाल्या. "आणि तुला शेजारी बसवून रोज जेवू घातलं असतं. माझी मुर्नी असती."

त्यानंतर त्या झामहुर यांच्याशी कधीच बोलल्या नाहीत.

काही महिन्यांनी झामहुर चौकशीच्या कागदांवर सही करायला कचेरीत आले. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा होता. त्यांनी कारकुनाला विनवून मला चालू करायला लावलं, चष्मा काढला आणि माझ्यावरचे सगळ्यांत बारीक आकडे वाचले. एकही चुकला नाही.

"डॉक्टर म्हणाले, अर्ध्या सकाळचं काम," ते पुटपुटले. "अर्ध्या सकाळचं होतं, हो..."

मग त्यांनी स्वतःच माझं बटण बंद केलं.

मित्रांनो, माझी काच फडक्याने पुसता येते. माणसाच्या मनातली भीती तशी पुसता येत नाही. ज्याच्या हाती सुकाणू आहे त्याला नुसतं "दिसतंय ना?" असं विचारून बसून राहू नका. त्याच्या जागी उभे राहा आणि एकदा स्वतः बघा. आणि तुम्हालाच दिसत नसेल, तर सांगा. लोक हसतील, रागावतील, कदाचित काम काढून घेतील. तरी सांगा. होडी अजून धक्क्याला बांधलेली असताना सांगा.