न वापरलेलं पाणी

लाल क्लिप. मसुद्याच्या डाव्या कोपऱ्यावर ती अशी काही ऐटीत बसली होती, की त्याला आधी क्लिपचाच राग आला. कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या या कचेरीत साहेब निळी क्लिप लावतात ती 'पुन्हा लिहा' म्हणून. लाल लागली की मसुदा छापायला जातो. एकोणीस वर्षांत त्याच्या टेबलावर निळ्या क्लिपांनी एक डबा भरला होता... आणि ही कालची पोर, येऊन दोन वर्षं झाली नाहीत, पहिल्याच खर्ड्याला लाल घेऊन गेली. तोही कुठला खर्डा, तर नदीच्या पाण्याच्या नव्या कायद्याचा. जो त्यानं स्वतः सात वर्षं लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.

"अहो, एकदा नजर टाका आणि चारपर्यंत छापायला सोडा," साहेब सकाळी म्हणाले होते. "पोरगी लिहिते मात्र स्वच्छ हं."

स्वच्छ! त्याला स्वतःला साहेब फार तर चिवट म्हणत.

तो वाचत गेला. चांगलं होतं — हेच तर दुखणं. जुन्या कायद्यात ज्यानं आधी पाणी घेतलं त्याचा हक्क कायमचा. हिनं एका ओळीत ते मोडून काढलं होतं. पाच वर्षं न वापरलेला हक्क संपेल, ते पाणी दुसऱ्या गरजूला मिळेल. हे आपल्याला का सुचलं नाही? सवड मिळाली असती तर सुचलं असतं... पण सवड नव्हती असं तरी कुठं होतं?

मग व्याख्यांच्या पानावर तो थबकला. 'वापर म्हणजे नदीतून उचललेलं पाणी.' उचललेलं — आणि मुद्दाम सोडलेलं? त्याची आत्या राहते नदीकाठच्या अगदी शेवटच्या गावात. तिथं उन्हाळ्यात प्यायला पाणी पोचतं, ते वरचे बागवाले आठवड्यातले दोन दिवस पंप बंद ठेवतात म्हणून. आपसात ठरलेलं, कागदावर कुठंच नाही. या व्याख्येनं ते दोन दिवस 'न वापरलेले' ठरणार. तेवढ्या पाण्यावरचा हक्क जाईल या धास्तीनं पंप कोण बंद ठेवील? आत्याचा नळ कोरडा.

आणि खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. चांगल्या उकळ्याच फुटल्या. गप्प बसावं, छापू द्यावं, भर सभागृहात होऊ दे तिची शोभा... मग दुरुस्ती आपल्या हातानं आणायची, सहा महिन्यांनी. मधे एक उन्हाळा जाणार हे कळत होतं, आत्याही डोळ्यांपुढे होती, तरी आनंद काही हटेना.

"सर," ती केव्हा समोर येऊन उभी राहिली कुणास ठाऊक, "व्याख्या पाहिल्यात? त्या सगळ्या तुमच्या जुन्या मसुद्यातल्या. एक शब्द हलवला नाही. तुम्ही इतकी वर्षं घालवलीत, म्हटलं आपण कशाला हात लावा."

"बरं केलंस," तो म्हणाला.

ती गेली. त्यानं वाक्य पुन्हा वाचलं. त्याचंच. कधीकाळी चांगले तीन दिवस घोळवून लिहिलेलं, आणि आता ओळखूही आलं नव्हतं.

साडेतीन झाले होते. साहेबांची खोली दहा पावलांवर. जायचं आणि दोन वाक्यं बोलायची — चूक माझी आहे, बाकी कायदा तिनं उत्तम लिहिलाय. त्यानं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. पहिलं सहज जमलं, त्याचं त्यालाच नवल वाटलं. दुसरं तो अजून म्हणून पाहत होता.