मिठाचे दगड

"पडीक म्हणजे पिवळा, बाई. रंग भरा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले.

नकाशाबाई काही मोकळ्या झाल्या नाहीत. ऑफिसात त्यांना सगळे नकाशाबाईच म्हणत. एकतीस वर्षं नकाशे काढले, एकातही चूक सापडली नाही, हे त्या दिवसातून एकदा तरी ऐकवत. ऐकणाऱ्यांचे कान किटले, पण बाईंचं तोंड काही दुखलं नाही.

टेबलावर विकास आराखड्याचा नकाशा पसरला होता. डोंगरावरचं अख्खं पठार सर्वेक्षणवाल्यांनी 'पडीक' लावलं होतं. पडीक जमीन कारखान्यांना जाणार होती आणि आराखडा येत्या सोमवारी मंजुरीला. आठवड्यापूर्वी एक म्हातारा मेंढपाळ हरकत घेऊन आला होता.

"तुमची माणसं थंडीत आली, ताई. थंडीत आम्ही मेंढरं घेऊन खाली असतो. वर चिटपाखरू नसतं. घराला कुलूप दिसलं म्हणून घर पडीक होतं का?"

हरकतींची मुदत उलटून गेली होती. त्याला तसं सांगून वाटेला लावलं, पण बाईंना काही चैन पडेना. गेल्या रविवारी दुखरा गुडघा घेऊन त्या स्वतःच पठार चढल्या. म्हाताऱ्यानं त्यांना मिठाचे दगड दाखवले. मेंढरांना चाटायला मीठ ठेवतात, ते सपाट दगड. चाटून चाटून त्यांत खळगे पडले होते. बाईंनी बोटं घालून मोजलं, एकेक खळगा चार बोटं खोल.

"जिभेनं दगड झिजायला किती पिढ्या लागल्या असतील, साहेब?" आता त्यांनी विचारलं.

साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त अंगाला काही लागू न देण्यात पटाईत. "पटतंय हो मला. पण सर्वेक्षण चुकलं म्हणायचं तर नवी समिती बसवावी लागेल. त्यात दोन वर्षं जातील आणि तोवर वर कारखाने उभे राहतील."

"आणि नकाशा काढणारीच चुकली म्हटलं तर?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तर माझ्या सहीनं आजच दुरुस्ती होते. सर्वेक्षणाची वही कोण उघडतंय? सगळे नकाशाच बघतात. पण बाई, चूक तुमच्या नावावर कायमची लागेल. तीन महिन्यांवर निवृत्ती आलीय तुमची. कशाला उगाच?"

एकही चूक नाही, एवढं एकच तर बाईंनी आयुष्यभर मिरवलं होतं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'पठार चराऊ आहे. पडीक दाखवण्यात माझी चूक झाली.' खाली सही केली आणि साहेबांची सही होईपर्यंत टेबलापासून हलल्या नाहीत.

मंजुरी आली त्या दिवशी दुपारी डबे उघडले, तेव्हा शेजारच्या कारकुनानं हसत विचारलं, "काय नकाशाबाई, शेवटी चुकलातच म्हणे?"

"हो, चुकले," बाई म्हणाल्या आणि जेवत राहिल्या.