शांत बसा

"शांत बसा," डॉक्टर म्हणाले, आणि तिथंच घोळ झाला.

पट्टा दंडावर आवळतो. फुस. फुस. सुटतो.

"बीपी वाढलंय. असं असताना जहाजावर पाठवता येणार नाही. थोड्या वेळानं शेवटचं बघू."

डॉक्टर हात धुवायला आत गेले.

(इथं जरा थांबू. हा माणूस जहाजाच्या इंजिनरूममधला फिटर. तिथं धडधड चालू म्हणजे सगळं ठीक. आवाज थांबला म्हणजे इंजिन बंद, मग सगळे धावत सुटतात. त्यामुळे घरी फ्रिज जरी गप्प झाला तरी हा ताडकन उठून बसतो. बायको बोलत असली की मात्र घोरतो. लग्नानंतर बरीच वर्षं तिला याचा राग यायचा.)

आज सोबत आलेली बायको सकाळपासून गप्प.

"अगं, बोल ना काहीतरी."

"डॉक्टर शांत बसा म्हणाले."

"मला म्हणाले. तू बोल. माझ्या बहिणीबद्दल बोल हवं तर."

"नापास झालात तर घरी राहाल. गालफडं बघा आरशात. मागच्या वेळी आलात तेव्हा घास धरताना हात थरथरत होता."

"ते इंजिनामुळे."

"चीफमुळे. इंजिनानं कधी तुमची आई काढली नाही."

चीफ इंजिनियरचा विषय निघताच फिटर बाही खालीवर करू लागला.

"दुसरं जहाज मागा."

"मागून मिळायला ती काय भाजी आहे?"

"मग बसा शांत."

आत नळ बंद झाला. खोलीत चिडीचूप. फिटरच्या कपाळावर घाम.

"मागतो."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं कंपनीत फोन लावला. "साहेब, त्या चीफबरोबर नको... हो, कळतंय... चालेल, थांबतो दोन महिने."

डॉक्टर आले. "तयार? शांत ब—"

"तर तुमची बहीण," बायकोनं सुरू केलं, "पाहुणी म्हणून आली आणि माझी कपाटं लावून गेली, आता मला माझंच मीठ सापडत नाही, विचारलं तर म्हणते वहिनी तुम्हाला शिस्तच नाही, शिस्त, स्वतःच्या घरात तर चपला गॅसखाली, आणि वर..."

फुस. फुस. फिटरची मान हळूहळू छातीवर आली.

डॉक्टरांनी आकडा पाहिला, पास लिहिलं, पट्टा सोडला, आणि खुर्ची ओढून बसले.

"आणि वर काय?"