पाठीवरचे टाके

मी शिंपीण आहे, आणि चांगली शिंपीण आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर माझ्याबद्दल चांगलं बोलायला कुणी उरणार नाही. लहान मुलांचे कपडे शिवण्यात माझा हात धरणारं आमच्या भागात कुणी नाही. दुकान घराला लागूनच आहे. पुढे काच, काचेत टांगलेले छोटे छोटे फ्रॉक. ते बघून बाया आत येतात, आणि आत आल्यावर त्यांना कापायच्या टेबलाखाली माझी सात वर्षांची मुलगी नुसत्या चड्डीवर बसलेली दिसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे असा चड्डी घालून बसलेला असतो.

आम्ही तिला खारू म्हणतो. काहीही खायला दिलं की खारीसारखं दोन्ही हातांत धरून कुरतडते, म्हणून. बोलते अगदी थोडं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला स्वमग्नता आहे म्हणून सांगितलं. हेही सांगितलं की अशा काही मुलांना कपड्याची शिवण, लेस, गळ्यामागची पट्टी खाजकुयलीसारखी लागते. ती कपडे काढते ते हट्टाने नाही, तिला खरंच सोसत नाही. मऊ, ढगळ, शक्यतो बिनशिवणीचं काहीतरी घाला. बिनशिवणीचं, आणि तेही शिंपिणीला! मी मान डोलावली आणि दाराबाहेर आल्यावर ह्यांना म्हणाले, "घ्या, आता डॉक्टर मला कपडे शिकवणार."

हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर अंधाऱ्या विहिरीसारख्या जागेत लोंबकळून आले तरी घरात आवाज चढा नाही. ते सरळ बाजारात गेले आणि खारूसाठी सहा ढगळ बनियन घेऊन आले. खारू ते घालून खुशाल बसायची. मलाच ते बघवेना. माझ्या पोरीने बाजारातलं तयार बनियन घालून हिंडायचं, तेही माझ्या दुकानात? महिन्याभरात मी त्या सहाही बनियनची मशीन पुसायची फडकी केली. ह्यांना सांगितलं, धुण्यात विरले.

शाळेने तिला साध्याच वर्गात घेतलं होतं आणि तिच्याकडे बघायला एक मावशी दिली होती. मावशी अंगाने भक्कम, आवाज फाटका, पण खारू त्यांचं बोट सोडायची नाही. वर्गात तिने फ्रॉक ओढून काढला की मावशी तिला एका जुन्या मऊ टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यात घेऊन बसत. मुख्याध्यापिका मला दर महिन्याला बोलावून तेच समजुतीने सांगत. समजुतीचं बोलणं मला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

मग वर्गाच्या फोटोचा दिवस ठरला. खारूच्याच वर्गातल्या एका मुलीची आई लेकीसाठी फोटोचा फ्रॉक शिवून घ्यायला आली होती. मी खाली बसून घेराला टाचण्या लावत होते, आणि तिने टेबलाखाली बघत हसून विचारलं, "तुमची फोटोला कपडे घालून येणार ना? माझी लेक विचारत होती." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गिऱ्हाईक होतं, म्हणून मी दातांत टाचणी धरून नुसती हसले. पण त्याच क्षणी ठरवलं की ह्या फोटोत सगळ्यात देखणा फ्रॉक माझ्या मुलीच्या अंगावर असेल, आणि तो तिच्या अंगावरच राहील.

तीन दिवस खपून मी तो शिवला. फिकट निळं कापड, उभी कॉलर, गळ्याला लेस. पाठीमागे उघडायला जागा ठेवली, पण तिला हूक लावले नाहीत, चेन लावली नाही. फोटोच्या दिवशी सकाळी हे कामाला गेल्यावर मी खारूला स्टुलावर उभं केलं, फ्रॉक चढवला, आणि सुईत दुहेरी दोरा ओवून कमरेपासून मानेपर्यंत तो तिच्या अंगावरच शिवून टाकला. आतल्या आत बारीक टाके घेतले, वरून एकही दिसत नव्हता. मान आली तेव्हा तिचे केस बाजूला केले आणि गाठ मारून दोरा दाताने तोडला. खारू जराही हलली नाही. मी तिला तशीच शाळेत सोडून आले, आणि रस्ताभर माझी मान ताठ होती, हेही सांगायला हवं.

बाराच्या सुमारास शाळेतून फोन आला. मी गेले तेव्हा खारू मुख्याध्यापिकांच्या खोलीत जमिनीवर बसली होती. गळ्याभोवती कॉलरच्या खाली-वर तिने नखांनी ओरबाडून काढलं होतं. लेस रक्ताने लाल झाली होती. मावशी तिचे दोन्ही हात धरून बसल्या होत्या आणि स्वतःच रडत होत्या.

"ताई, हा उघडतो कुठून?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. "आम्हाला काही सापडेना. कापायला गेलो तर ती कात्री जवळ येऊ देईना."

खरं सांगायला तेवढाच वेळ होता. माझ्या तोंडातून आलं, "आत चेन आहे. अडकली असेल. कुणीतरी जोरात ओढली असणार."

"मला तर तिथे चेन दिसलीच नाही हो," मावशी म्हणाल्या.

"दिसायला हवी होती. तेवढ्यासाठीच ठेवलंय ना तुम्हाला?"

मी खारूला उचलून शाळेच्या बाथरूममध्ये नेलं, कडी लावली आणि पर्समधल्या छोट्या कात्रीने माझेच टाके उसवले. ती किंचाळत होती. बाहेरच्यांना वाटलं असेल, आई बिचारी सोडवतेय.

संध्याकाळी ह्यांनी तो गळा बघितला. ह्या माणसाला मी पहिल्यांदा संतापलेलं बघितलं. त्यांनी मावशींविरुद्ध तक्रार लिहायला घेतली. लिहून झाल्यावर कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "तुला कपड्यांतलं कळतं. बरोबर लिहिलंय का बघ." मी वाचलं. एके ठिकाणी 'हूक' लिहिलं होतं, ते खोडून मी 'चेन' केलं. माझ्याच हाताने, माझ्याच पेनने. लाज कोळून प्यायलेली बाई कशी असते, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशींना घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं. खारू शाळेच्या फाटकापाशी जाऊन थांबायची, मावशी दिसल्या नाहीत की तिथेच फतकल मारायची. हे तिला खांद्यावर टाकून परत आणायचे आणि कामाला उशिरा जायचे. घरात ती माझ्या जवळ येईना. मी सुई हातात घेतली की ती हनुवटी छातीला टेकवून गळा झाकायची आणि भिंतीला चिकटून दुसऱ्या खोलीत जायची. मला ना कुणाला सांगता येत होतं, ना गप्प बसवत होतं. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगीन. रोज एखादं गिऱ्हाईक यायचं आणि मला तेवढंच निमित्त पुरायचं.

सहाव्या दिवशी शाळेने आम्हा दोघांना बोलावलं. मावशीही आल्या होत्या. धुतलेली, इस्त्रीची साडी नेसून, खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. खारू धावत गेली आणि त्यांच्या मांडीत डोकं खुपसून राहिली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तक्रार लेखी आहे. तुम्ही दोघं ठाम असाल तर मला ह्यांना कामावरून काढावं लागेल."

"आम्ही ठाम आहोत," हे म्हणाले.

"चेन नव्हती," मी म्हणाले.

ह्यांना वाटलं मी हूक म्हणणार. ते कागद काढायला लागले. मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. स्टूल, दुहेरी दोरा, बाथरूममधली कात्री, सगळं. बनियनची फडकी केली तेही सांगून टाकलं, ते कुणी विचारलंही नव्हतं. बोलताना मी टेबलावरच्या काचेकडे बघत होते. ह्यांनी आपला हात हळूच सोडवून घेतला.

मावशी रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "टाके आहेत हे मला माहीत होतं, ताई. बोटांना लागले होते."

"मग त्याच दिवशी बोलला का नाहीत?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"आईच म्हणतेय चेन आहे, तर मी काय बोलू? मला वाटलं, नंतर सांगेल." मग त्या खारूच्या केसांतून हात फिरवत माझ्याकडे वळल्या. "पण एक मला अजून कळलेलं नाही. ही फोटोच्या रांगेत उभी होती ना, तेव्हा गळा ओरबाडत होती आणि तोंडाने एकच चाललं होतं, शहाणी, शहाणी. मी म्हटलं, अगं शहाणी आहेस ना, मग खाजवू नको. तर अजून मोठ्याने, शहाणी, शहाणी. रडत होती, पण फ्रॉक काही ओढला नाही हो तिने. तिने हे कुठून घेतलं? वर्गात तर कुणी तिला असं म्हणत नाही."

हे मी सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं, एवढंच ठेवलं होतं.

"मी म्हटलं होतं," मी म्हणाले. "टाके घालताना. ती हलली नाही ना, म्हणून. शहाणी गं माझी ती, असं म्हटलं."

मग ह्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच खालचा होता.

"त्याआधी कधी म्हणाली होतीस तिला तसं?"

मी आठवायला लागले. मागच्या वाढदिवसापर्यंत गेले, त्याच्या मागच्या वर्षात गेले, ती चालायला लागली तिथपर्यंत जाऊन आले. तिघंही उत्तरासाठी माझ्याकडे बघत थांबले होते.